फणस दिसला तर मिस्ट

बेळगाव, ता. २४ नोव्हेंबर १९३६
फेअर

प्रिय विनू,

आज सकाळी मागच्या अंगणात बंब पेटवला, धूर जमिनीलगत पसरला, आणि मला एकदम कॉन्व्हेंटचा व्हरांडा आठवला. थंडीचे दिवस. आपल्या वेण्या अजून ओल्या, तुझ्या हातात खडू, माझ्या हातात फडकं, आणि आपण दोघी खांबाला टेकून फाटकाकडे बघत उभ्या. हवेची पाटी लिहायची पाळी आपली होती. सिस्टर अगाथा मागून यायची आणि एकच विचारायची, "फणस दिसतो का?" फाटकाजवळच्या फणसाच्या फांद्या दिसल्या तर मिस्ट. झाडच दिसलं नाही तर फॉग. सगळं लख्ख असलं तर फेअर.

मी घरी जाऊन आईला विचारलं होतं, मिस्टला आपण काय म्हणतो? ती म्हणाली, धुकं. आणि फॉगला? तेही धुकंच. आमचा दूधवाला रवळू म्हणाला, "आमच्यात धुई म्हंत्यात." मग आपण सिस्टरला विचारलं की एकाच गोष्टीला तुमच्यात दोन शब्द कशाला. ती काय म्हणाली ते मला अजून आठवतं. फॉग हा शब्द हवेबद्दल फारसं सांगत नाही, बघणाऱ्याला कुठवर दिसतं तेवढं सांगतो.

आणि ती मडम शाळा बघायला यायची होती तो दिवस. सिस्टर म्हणाली, आज पाटीवर फेअर लिहा, पाहुण्या येणार आहेत. मी लिहायला निघाले होते. तू खडू माझ्या हातातून काढून घेतलास आणि मोठ्या अक्षरात फॉग लिहिलंस, कारण फणस दिसत नव्हता. मडम आली तेव्हा तू व्हरांड्याच्या टोकाला शिक्षा म्हणून उभी होतीस. चार वाजता तुझी आई टांग्यातून न्यायला आली आणि नेहमीसारखा तुझ्या खांद्यावर हात ठेवून चालायला लागली. तुला रागावलीसुद्धा नाही. मला त्या हाताचा फार हेवा वाटायचा. माझी आई रस्त्यात मला कधी जवळ घ्यायची नाही.

पत्राच्या उजव्या कोपऱ्यात गाव, तारीख आणि हवा लिहायची सिस्टरची शिस्त आपण दोघींनी अजून सोडलेली नाही. आमचे हे हसतात. म्हणतात, "तुम्हा दोघींची पत्रं एकत्र केली तर सरकारला वेधशाळा नको."

आता कामाचं. दिवाळीत तुझा रघुवीर दोन दिवस आमच्याकडे राहून गेला ते तुला ठाऊक आहेच. त्याने आमच्या विद्युल्लतेबद्दल तुला काही सांगितलं असेल, नसेल. इकडे लता काहीच बोललेली नाही. पण तिने त्याला आपली शिसपेन्सिल दिली आणि ती परत मागितली नाही. तिला मी लहानपणापासून ओळखते, ती पेन्सिल कुणाला देत नाही.

तुझी हरकत नसेल तर हे व्हावं असं मला वाटतं. पण एक आधीच सांगते. लता माझ्या धाकट्या बहिणीची. बहीण गेली तेव्हा पोर तीन वर्षांची होती. जाताना बहिणीने एकच मागितलं, "आक्का, ऐकीव गोष्टींवर तिला कुठे देऊ नकोस. घर आधी स्वतः पारख." तेव्हा तुझं घर असलं तरी मी सगळं विचारणार, आणि तू सगळं सांगायचंस. रागावायचं नाही.

तुझी,
वसू


निपाणी, ता. ३ डिसेंबर १९३६
मिस्ट

प्रिय वसू,

तुझं पत्र आलं आणि मी ते पुन्हा पुन्हा काढून हातात घेतलं. रघूने मला काही सांगितलं नव्हतं. तुझं पत्र आल्याचं सांगितल्यावर कान लाल झाले त्याचे, म्हणे. ते मालुबाईने सांगितलं. मालुबाई म्हणजे आमच्याकडची स्वयंपाकाची बाई, तू तिला पाहिलेली नाहीस. तिचं म्हणणं, "मास्तरांचं कान बगा, शेंदूर लावल्यागत झाल्यात."

विचार तुला काय विचारायचं ते. रघुवीर इथल्या हायस्कुलात इंग्रजी शिकवतो. वडिलांसारखा आहे, आधी ऐकतो मग बोलतो. फॉग आणि मिस्ट शिकवताना पोरांना फणसाची गोष्ट सांगतो. पोरं म्हणतात, "सर, आमच्याकडं फणस न्हाय, वखार हाय. वखार दिसली तर काय?" मी त्याला सांगितलं, शब्द झाडाला बांधलेला नाही, जे समोर असेल त्यावर मापावं.

मीही तेच करते. माझ्या लिहायच्या मेजासमोर खिडकी आहे. खिडकीबाहेर रस्ता, पलीकडे तंबाखूची वखार, आणि वखारीच्या कुंपणात चिंचेचं मोठं झाड. ती चिंच माझा फणस. हे गेल्यापासून सकाळी इथेच बसते. वखारीतल्या बायका तोंडाला पदर बांधून शिंकत कामाला जातात, त्यांच्या शिंकांवरून मला वेळ कळते. आज चिंचेचा आकार दिसतो, पाला दिसत नाही. म्हणून मिस्ट लिहिलं.

लता मोठ्याने वाचते का? म्हणजे न अडखळता, न कंटाळता, तासभर वगैरे? आवाज कसा आहे तिचा? स्वयंपाकाचं मी विचारत नाही, ते मालुबाई बघते.

माघात चांगले मुहूर्त आहेत. उशीर करू नये असं मला फार वाटतं. तिच्या पोलक्यावर मी स्वतः भरतकाम करीन, आपण शाळेत शिकलो ती जांभळी फुलं. तुझ्या दत्तोपंतांना नमस्कार.

तुझी,
विनू


बेळगाव, ता. २८ डिसेंबर १९३६
फेअर

प्रिय विनू,

लता मोठ्याने वाचते. रोज संध्याकाळी आपल्या काकांना, म्हणजे आमच्या यांना, वर्तमानपत्र वाचून दाखवते, आणि तिचा आवाज शेजारी जयाबाईंच्या माजघरापर्यंत जातो. पण सुनेचा आवाज विचारणारी सासू मी पहिलीच बघते. हे म्हणाले, "विनोदिनीबाई सून बघतायत की बाजाची पेटी?" गंमत बाजूला ठेव. रंग विचारला नाहीस, उंची विचारली नाहीस, पत्रिका मागितली नाहीस. विचारलंस ते हे. का गं?

आणि माघ कशासाठी? मुलगी कुठे पळून चालली आहे? तू संक्रांतीला इकडे ये. दोन दिवस राहा, लताला बघ, मग मुहूर्त काढू. सर्व्हिस मोटार तुमच्या दारावरून सुटते, निमित्त सांगू नकोस.

आणखी एक. तुझ्या ओळी उतरणीला लागल्या आहेत. सिस्टर तुझी वही सगळ्या वर्गाला दाखवायची, त्या वहीची ही दशा? अक्षरही मोठं झालंय. घाईत लिहितेस की कुणी पाठीशी उभं असतं?

जयाबाईंची बहीण तुमच्या गावात दिली आहे. ती सांगत होती म्हणे की विनोदिनीबाई हल्ली देवळात समोरून गेलं तरी ओळख देत नाहीत, आरपार बघतात. मी जयाबाईंना म्हटलं, आमची विनू तशी नाही. म्हटलं खरं, पण मनात राहिलं.

तिळगूळ वेगळा पाठवते आहे. उत्तर लवकर.

तुझी,
वसू


निपाणी, ता. १८ मार्च १९३७
फॉग

प्रिय वसू,

उत्तराला फार उशीर झाला. तिळगूळ पोचला होता. संक्रांतीला येता आलं नाही, तंबाखूचा हंगाम होता, रस्त्यावर गाड्यांची ही गर्दी, आणि मला मोटारीचा त्रास होतो. पुढेही मला येणं जमेलसं दिसत नाही. तूही या उन्हात कशाला दगदग करतेस? आपण एकमेकींना काय आज ओळखतो?

लतासाठी खण पाठवते आहे. भरतकाम झालं नाही. बोटं आखडतात, सुई धरवत नाही. दुकानातला आहे, पण दुकानदाराने रंग चांगला आहे म्हणून शपथेवर सांगितलं.

रघू म्हणतो तुझ्याकडून लताचा फोटो मागवू या. मी म्हटलं काही नको, तू पाहिली आहेस ना, झालं.

जयाबाईंच्या बहिणीला सांग, देवळात फार अंधार असतो.

चैत्रात तरी करून टाकू. मला फार घाई आहे असं समज, आणि कारण विचारू नकोस.

तुझी,
विनू


बेळगाव, ता. २५ मार्च १९३७
फेअर

विनू,

हे पत्र मी तीनदा लिहायला घेतलं आणि तीनदा फाडलं. आता जसं येईल तसं लिहिते.

गेल्या आठवड्यात यांना चिकोडीच्या कोर्टात काम होतं. जाताना रात्रीचा मुक्काम निपाणीत मारुतीराव म्हणून पक्षकार आहेत त्यांच्याकडे केला. तुमच्याकडे आले नाहीत, कारण मीच सांगितलं होतं की नका जाऊ. आता लाज कशाला धरू? मला बाहेरून ऐकायचं होतं. अठरा तारखेला सकाळी ते मारुतीरावांच्या गच्चीवर चहा घेत होते. परत आल्यावर तुझं पत्र यांच्या हातात दिलं. यांनी कोपरा वाचला आणि चष्मा काढला.

"अठराला धुकं?"

म्हटलं, "तिने लिहिलंय."

"अगं, मी सहजच मारुतीरावांना म्हटलं होतं की तुमच्याकडे सकाळी धुकं बिकं पडतं का. तर तो हसला. म्हणाला, 'फाल्गुनात कुठलं धुकं वकीलसाहेब, स्तवनिधीच्या डोंगरावरची झाडं मोजा की इथनं.' आणि खरंच मोजता आली असती."

मग मी तुझी सगळी पत्रं काढली. फाल्गुनात फॉग. संक्रांतीचं आमंत्रण बुडवलंस. दारावरून मोटार जात असताना मोटारीचा त्रास. जन्मभर सुई हातातून खाली न ठेवणारी तू, तुझी बोटं एकाएकी आखडली. आणि फोटो नको म्हणणारी सासू. विनू, नवऱ्या मुलीचा फोटो नको म्हणणारी आई मी अजून ऐकलेली नाही.

मला वाटतं ते लिहिते. एक तर तू निपाणीत नाहीस, आणि पत्रं दुसरीकडून येतात. किंवा निपाणीत आहेस, पण कुणीतरी सांगतं तसं लिहितेस. रघुवीरला लग्नाची घाई आहे का? त्याने कुठे काही करून ठेवलं आहे, जे चैत्राच्या आत झाकायचं आहे? मुलगा आधी ऐकतो मग बोलतो असं तू लिहिलं होतंस. कुणाचं ऐकतो?

तू मडमेसाठी पाटीवर फेअर लिहिलं नाहीस. मला तीच विनू ठाऊक आहे. जी विनू हवेबद्दल खोटं लिहायला लागली, ती मुलाबद्दल काय लिहील? बहिणीला मी शब्द दिला आहे. पाडव्यानंतर मी लताला घेऊन येते आहे. नको म्हणालीस तर बोलणं इथेच थांबलं असं समज.

वसुधा


निपाणी, ता. ३१ मार्च १९३७
फॉग

वसू,

रघूवर संशय घेऊ नकोस. त्याचा यात काही संबंध नाही.

कोपऱ्यात मी कधीही खोटं लिहिलेलं नाही. बाकीच्या पत्राबद्दल मला तसं म्हणता येणार नाही.

या.

विनू


बेळगाव, ता. १९ एप्रिल १९३७
फेअर

विनू,

तुझ्याकडून मी न जेवता निघाले, ते मनातून जात नाही. पण आधी मी काय पाहिलं ते लिहिते. तुला ते दिसलं नसणार, म्हणून लिहिते.

दुपारची वेळ, ऊन असं की रस्त्याकडे बघवत नव्हतं. तुझ्या पायरीवर आम्ही दोघी उभ्या. आतून मालुबाईने हाक दिली, "आक्का, बेळगावची पाव्हणी आल्यात बगा." तू आलीस. चौकटीला हात लावलास, थांबलीस, आणि हसत पुढे होऊन लताचे दोन्ही हात धरलेस. म्हणालीस, "वसू, किती वाळलीस गं."

मी तुझ्यापासून हातभर अंतरावर होते.

लता म्हणाली, "काकू, मी लता." तुझं हसू तसंच राहिलं, फक्त हात सैल झाले. मग तू म्हणालीस, "आवाज छान आहे." आणि मला तुझं डिसेंबरातलं पत्र आठवलं.

चहा तूच ओतलास. मालुबाई पुढे झाली तर तिला हाताने मागे सारलंस. कपाच्या काठावरून बोट आत सोडून बसलीस, चहा बोटाला लागला तसा किटलीचा हात उचललास. बोट भाजलं असेल. तोंडावर काही दाखवलं नाहीस. भिंतीवरच्या घड्याळाची काच तू काढून ठेवली आहेस तेही मी पाहिलं. काट्यांवर बोटांचे डाग आहेत.

मी विचारलं, "चिंच दिसते का?" तू खिडकीकडे तोंड केलंस. बाहेर चिंचेला कोवळा पाला फुटला होता, वखारीचा पत्रा चमकत होता. तू म्हणालीस, "नाही."

मालुबाईला राहवलं नाही. "रोज मला इचारत्यात, मालू, धुई पडलीया का गं. मी सांगतो, न्हाय आक्का, लख्ख उजाडलंय. तर म्हंत्यात, ते तुझं झालं, माझं मी लिवतो."

तेव्हा मी ते बोलले. तुला सून हवी होती की काठी? आणि मी लताला उठवलं. रघुवीर शाळेतून यायच्या आत आम्ही मोटारीत बसलो होतो.

संकेश्वर आलं तशी लता माझ्याकडे वळली. मग म्हणाली, "मावशी, त्यांनी पत्राच्या कोपऱ्यात काय लिहिलं होतं?"

"फॉग."

"आणि त्या शब्दाचा अर्थ तुम्ही मला काय शिकवला होतात?"

मी म्हटलं, "दाट धुकं."

"नाही. तुम्ही म्हणाला होतात, बघणाऱ्याला कुठवर दिसतं ते." मग खिडकीबाहेर बघत म्हणाली, "म्हणजे त्यांनी सांगितलं होतं. काकांनी हवा तपासली."

मी तिच्यावर रागावले. म्हटलं, सांगायची ही रीत नव्हे. मुलीचं आयुष्य आहे, शाळेची पाटी नाही. अजूनही माझं तेच म्हणणं आहे. पण त्या संध्याकाळपासून ती काकांना वर्तमानपत्र वाचून दाखवते आणि उरलेला वेळ माझ्याशी बोलत नाही.

आणि काल रात्री, अंथरुणावर पडल्यावर, मला तुझ्या आईचा हात आठवला. टांग्यापर्यंत तुझ्या खांद्यावर असलेला. मी इतकी वर्षं त्याला माया समजत होते. विनू, ती तुला धरून चालत होती का?

तसं असेल तर मला आता तुझ्यापेक्षा दुसऱ्या कुणाचं विचारायचं आहे. रघुवीरचे डोळे कसे आहेत? हे घराण्यात उतरतं का? त्याला तुझं ठाऊक होतं का? सरळ लिही. आता कोपऱ्यात नको, पत्रात लिही.

वसू


निपाणी, ता. ८ मे १९३७
फेअर, असं मालुबाई म्हणते. मला फॉग.

प्रिय वसू,

या ओळी सरळ दिसत असतील. रघूने पुठ्ठ्यात खाचा पाडून दिल्या आहेत. एक खाच, एक ओळ. हाताने चाचपत खाली सरकते. सिस्टरला वही दाखवायला हरकत नाही.

तुझ्या प्रश्नांची उत्तरं तू विचारलेस त्या क्रमाने नाहीत, मला जड वाटतील त्या क्रमाने देते.

सून हवी होती की काठी? दोन्ही. मी त्या दिवशी गप्प राहिले, कारण दुसरं उत्तर खोटं झालं असतं. रघूला लता आवडली याचा आनंद मला आधी झाला. पण तासाभरात माझ्या मनात आलं की ती मला वाचून दाखवील. मग मी तुला आवाजाचं विचारलं. फोटो नको म्हटलं, कारण तो हातात धरून मी काय सांगणार होते?

हो, आई मला धरून चालायची. दूरचं असं तिला दिसायचंच नाही. घरात कुणी तो विषय काढायचा नाही. तिने माझं लग्न घाईने केलं, सासरी कळायच्या आत. मला त्या घाईचा राग होता, आणि मी तुझ्याकडे माघ मागितला, मग चैत्र. हे लिहिताना मला कळतं आहे की तो राग मी कुठे ठेवला होता ते मी विसरले होते.

रघूला ठाऊक नव्हतं. माझा चष्मा बदलायला हवा इतकंच त्याला वाटायचं. घरात मला पावलं पाठ आहेत, आणि त्याच्यासमोर मी नवीन काही करत नसे. तुझी पत्रं तो शाळेत असताना उन्हात, डाव्या डोळ्याशी धरून, एकेक अक्षर करत वाचायची. तुम्ही गेलात त्या संध्याकाळी मालुबाईने त्याला सगळं सांगितलं. तो उठून घड्याळापाशी गेला आणि काट्यांवर हात फिरवत उभा राहिला, ते मला आवाजावरून कळलं.

आता तुला ठाऊक नसेल ते. तू लिहिलंस त्याच आठवड्यात लताचं पत्र आलं. माझ्या नावाने नाही, रघूच्या. त्याने मला वाचून दाखवलं, चार ओळींचं होतं. पेन्सिल परत नको, असं लिहिलं होतं. आणि मिरजेला जाऊन स्वतःचे डोळे दाखवून या, डॉक्टर काय म्हणतात ते जसंच्या तसं कळवा, त्यानंतर मी काय ते सांगेन, असं. तिला रागावू नकोस. तुझ्या बहिणीने जे तुझ्याकडे मागितलं तेच तिने स्वतः केलं.

आम्ही गेलो. रघूचे डोळे आज चांगले आहेत. पुढचं डॉक्टर सांगत नाहीत. आईकडून मुलाला हे येतं, कधी येत नाही, दर वर्षी येऊन दाखवा, असं म्हणाले. मी हे पत्रात लिहिते आहे, कोपऱ्यात नाही.

माझा उजवा डोळा गेला. त्याला काचबिंदू म्हणतात. डाव्यात थोडं उरलं आहे. सोमवारी त्यावर ऑपरेशन करणार आहेत. उरलेलं टिकेल, किंवा तेही जाईल. मिशनचे गोरे डॉक्टर आहेत, पण मडमेसाठी फेअर लिहिणाऱ्यांतले नाहीत, हे मला आवडलं.

तेव्हा जायच्या आधी कुणाला काय द्यायचं ते सांगून ठेवते. मरायला चाललेली नाही. पण जे बघून द्यायचं ते अजून थोडं दिसतं आहे तोवर दिलेलं बरं.

खिडकीजवळचं मेज रघूला. माझी पितळी दौतही त्यालाच. त्याने वह्या तपासायला तिथे बसावं, तिथे उजेड चांगला आहे असं सगळे म्हणतात. हिरवं इरकली लुगडं मालुबाईला. ते हिरवंच आहे ना हे तिनेच मला सांगायचं आहे. दत्तोपंतांची छत्री तीन पावसाळ्यांपूर्वी इथे राहिली आहे, ती त्यांना. हवा तपासायला बाहेर पडतात तेव्हा उपयोगी पडेल. जयाबाईंच्या बहिणीला माझ्याकडून नमस्कार, आणि हा निरोप, की देवळात त्यांनी आधी हाक मारावी, मी ओळख देईन.

माझा इंग्रजी शब्दकोश लताला. ती या घरात आली तरी आणि न आली तरी. मिरजेच्या डॉक्टरांनी रघूच्या डोळ्यांबद्दल लिहून दिलेला कागद तिच्याच हातात पडावा. तो तू आधी वाचू नकोस आणि मीही वाचून घेणार नाही. आणि तिचं जे उत्तर असेल ते तिने रघूला द्यावं. मला देऊ नये. तुलाही देऊ नये. आपण दोघींनी ते मागून घ्यायचं नाही.

पाटी तुला. शाळा सुटली तेव्हा सिस्टर अगाथाने ती मला दिली होती, हे मी तुला कधी सांगितलं नाही, तुला वाईट वाटेल म्हणून. तिची चौकट एका कोपऱ्यात फुटली आहे, जपून उघड. छत्रीबरोबर पाठवते.

मिरजेहून आल्यावर मी खिडकीत बसेन. चिंच दिसली तर मी तुला कळवीन, कुठे ते तुला ठाऊक आहे. नाही दिसली तर तू पाटी घेऊन इकडे ये, माझ्या शेजारी बस, आणि तुला जे दिसतं ते लिही. फक्त मला बरं वाटावं म्हणून फेअर लिहू नकोस.

तुझी,
विनू